मुका मार आणि मोजलेली विश्रांती

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक. दर महिन्याला या वेळी आपण कर्ज, हप्ते, बँकेची कागदपत्रं असं काहीबाही बोलत असतो. आज पैशाचा विषय बाजूला ठेवू या. आज बोलायचंय खेळणाऱ्या आपल्या मुलामुलींबद्दल. खेळताना डोक्याला मार लागला तर काय करायचं, आणि त्यावर डॉक्टर जी विश्रांती सांगतात ती नेमकी कशी द्यायची, एवढाच आजचा विषय.

हा विषय का काढला ते सांगते. आपल्या गटांमधल्या कितीतरी जणींच्या मुली आज कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात. पोरं तालमीत जातात, क्रिकेट खेळतात. आपल्या वेळी मुलीनं चड्डी घालून मैदानात उतरायचं म्हटलं तर घरात महाभारत व्हायचं. आता आईच सकाळी साडेपाचला मुलीला उठवून सरावाला पाठवते. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. ही चांगलीच गोष्ट आहे. पण खेळ आला म्हणजे पडणं-झडणं आलं. गुडघा फुटला, घोटा मुरगळला तर काय करायचं ते आपल्याला कळतं. डोक्याचं मात्र कळत नाही.

मागे एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाल्यावर एक ताई बोलायला लागल्या. त्यांची मुलगी नववीत, शाळेच्या कबड्डी संघात. सरावात पकड करताना दुसऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती क्षणभर बसली, मग उठली, पुढचा डावही खेळली. घरी येऊन कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डोकं जड. फोडणीचा वास आला की मळमळायचं. भांडं कुठं ठेवलं ते आठवेना. आजीनं दृष्ट काढली. आईला वाटलं, चाचणी परीक्षा जवळ आली म्हणून अभ्यासाचा कंटाळा. तिसऱ्या दिवशी वर्गात तिला उलटी झाली, तेव्हा वर्गशिक्षिका बाईंनी खोदून विचारलं आणि सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी तपासलं, जिल्ह्याच्या ठिकाणी डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "कन्कशन आहे, विश्रांती द्या."

त्या ताई बैठकीत म्हणाल्या, "मॅडम, गोळी दिली असती तर सकाळ-संध्याकाळ चारली असती. विश्रांती म्हणजे किती द्यायची, कशी द्यायची? नुसतं झोपवून ठेवायचं का पोरीला?"

प्रश्न अगदी खरा होता. त्यावर आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांशी बोलले, वाचलं, आणि जे समजलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी कन्कशन म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, मुका मार. रक्त नाही, जखम नाही, पण आत ठणकतं. हातापायाला मुका मार लागला तर निदान काळंनिळं तरी पडतं. मेंदूला मुका मार लागला तर बाहेरून काहीच दिसत नाही. गाडग्यात दही लावलंय असं समजा. गाडग्याला धक्का बसला, गाडगं फुटलं नाही, टवकासुद्धा उडाला नाही, पण आतलं दही हललंच ना? कवटीच्या आत मेंदूचं तसंच होतं. डोकं जोरात हललं, झटक्यात फिरलं की मेंदूलाही हिसका बसतो. त्यासाठी डोक्यावरच आपटायला हवं असं नाही. पाठीवर जोरात पडली आणि मानेला हिसका बसला तरी हे होऊ शकतं.

आणि एक समज आधी काढून टाका. बेशुद्ध पडली तरच डोक्याला लागलं, असं नाही. कन्कशन झालेल्या बहुतेक मुली-मुलं शुद्ध हरपत नाहीत. पडतात, उठतात, कपडे झटकतात आणि खेळत राहतात.

सीटी स्कॅन नॉर्मल येतो तेव्हा घरात म्हणतात, "काही नाही झालेलं, नाटकं करते." तर तेही तसं नाही. स्कॅनमध्ये आत रक्तस्राव झालाय का, हाड मोडलंय का, हे बघतात. कन्कशनमध्ये मेंदूची मोडतोड दिसत नाही, त्याचं काम बिघडलेलं असतं. ते साध्या स्कॅनमध्ये उमटत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे जिवाचा मोठा धोका तूर्त दिसत नाही, एवढाच अर्थ घ्यायचा. मुलगी बरी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ते ठरवायचं तिला काय होतंय ते विचारून आणि तिला तपासून.

मग तिला काय काय होतं? डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही. सगळं धूसर, धुक्यात असल्यासारखं वाटतं. विचारलेलं उशिरा कळतं, उत्तर सावकाश येतं. तेच तेच पुन्हा विचारते. एरवी शांत असलेली पोर चिडचिड करते, नाहीतर उगाच रडते. खूप झोपते किंवा झोपच लागत नाही. हे सगळं एकाच वेळी होत नाही. एकीला नुसतं डोकं दुखेल, दुसरीचं नुसतं लक्ष लागणार नाही. आणि लगेच दिसेल असंही नाही. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी लक्षणं दिसायला लागतात.

याचं एक उदाहरण क्रिकेट बघणाऱ्यांना आठवेल. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो खाली कोसळला. बाहेर नेऊन तपासलं, त्यात तो ठीक वाटला, आणि तो पुन्हा फलंदाजीलाही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा डोकं दुखत होतं, गुंगी होती. मग त्याला त्या सामन्यातून काढलं आणि त्याच्या जागी दुसरा फलंदाज खेळला. जिथं मैदानावर डॉक्टर हजर असतात तिथं ही गत, तर आपल्या शाळेच्या मैदानावर कुणाला लगेच कळेल? म्हणून घरी आल्यावरसुद्धा दोन दिवस लक्ष ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढची लक्षणं दिसली तर विश्रांतीबिश्रांती काही नाही, थेट दवाखाना. १०८ ला फोन करायचा. नीट ऐका, जमलं तर वहीत लिहून घ्या. डोकेदुखी वाढतच चाललीय. पुन्हा पुन्हा उलटी होतेय. फिट आली. झोपेतून उठवलं तरी उठत नाही, किंवा गुंगी वाढत चाललीय. बोलणं अडखळतंय, जीभ जड झालीय. हात किंवा पाय लुळा वाटतोय, मुंग्या येताहेत. डोळ्यांच्या दोन बाहुल्या सारख्या दिसत नाहीत, एक मोठी एक लहान. एकाचं दोन दिसतंय. नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय. माणसं ओळखत नाही, भलतंसलतं बोलतेय. मान फार दुखतेय. आणि क्षणभर का होईना, शुद्ध हरपली होती. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. मान दुखत असेल तर ओढून उठवून बसवू नका, गाडी येईपर्यंत आहे तशी स्थिर ठेवा. कांदा हुंगवणं, गदागदा हलवणं, तोंडात पाणी ओतणं, यातलं काही करू नका.

यातलं काही नसेल तरी डॉक्टरांना एकदा दाखवायचंच. पण दाखवण्याच्याही आधीचा नियम म्हणजे डोक्याला लागलंय अशी शंका जरी आली तरी त्या दिवशी खेळ बंद. सामना कितीही अटीतटीचा असो, दोन गुणांनी मागे असो, चढाई करायला दुसरी मुलगी नसो. त्या दिवशी ती पुन्हा मैदानात जाणार नाही. जगभरचे या विषयातले डॉक्टर यावर एकमत आहेत.

का बरं एवढं कडक? तर मार बसल्यावर मेंदूची आतली घडी विस्कटते. ती पुन्हा बसवायला त्याला नेहमीपेक्षा जास्त शक्ती लागते आणि नेमका त्याच वेळी शक्तीचा पुरवठा कमी पडतो. घरात अचानक वीस पाहुणे यावेत आणि सिलिंडर संपत आलेला असावा, तसं समजा. अशा वेळी अजून दहा पाहुणे आले तर काय होईल? दुसरा मार बसणं म्हणजे ते. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर बरं व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात. आणि क्वचित, अगदी क्वचित, पण लहान वयातच जास्त, मेंदूला झपाट्यानं सूज येते आणि जीव जातो.

कॅनडात ओटावा शहरात २०१३ साली असंच झालं. रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी. शाळेच्या रग्बी संघाची कप्तान. काही दिवसांतच तिच्या डोक्याला एकापाठोपाठ मार बसले. आपल्याला कन्कशन झालं असावं असं तिला वाटत होतं. तिनं फोनवर त्याची माहिती शोधली, मैत्रिणींना संदेश पाठवले. पण आईवडलांना, शिक्षकांना सांगितलं नाही. पुढचा सामना खेळली. त्यात पुन्हा डोक्यावर-मानेवर आपटली आणि चार दिवसांनी गेली. त्या मृत्यूची रीतसर चौकशी झाली, आणि २०१८ मध्ये तिथल्या ओंटारिओ प्रांतानं तिच्या नावानं कायदा केला, रोवन्स लॉ. शंका आली की खेळाडूला बाहेर काढायचं, परत घेताना पायऱ्या पाळायच्या, आणि मुलांनी, पालकांनी, प्रशिक्षकांनी याची माहिती वाचायची, असं त्यात आहे.

ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. शंभरातल्या बहुतेक मुली बऱ्याच होतात. सांगायचं कारण एवढंच, की त्या मुलीला कळलं होतं, तिच्या मैत्रिणींना कळलं होतं, पण मोठ्यांपर्यंत ते पोचलं नाही. आपल्याकडेही मुली मोठ्यांना सांगत नाहीत. त्याकडे मी शेवटी येते.

आता त्या ताईंचा प्रश्न. विश्रांती किती आणि कशी?

पूर्वी डॉक्टर काय सांगायचे, तर अंधाऱ्या खोलीत पडून राहा. वाचायचं नाही, टीव्ही नाही, शाळा नाही, मैत्रिणी नाहीत. सगळी लक्षणं जाईपर्यंत असंच. आपल्यालाही ते पटण्यासारखं आहे, कारण दुखणं म्हटलं की आपण अंथरूणच धरायला लावतो. पण मग अभ्यास झाले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. ११ ते २२ वर्षांच्या कन्कशन झालेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस सक्त विश्रांती, दुसऱ्या गटाला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू रोजचे व्यवहार. पाच दिवस पडून राहिलेल्या मुलांचा त्रास लवकर जायला हवा होता. झालं उलटं. त्यांनी जास्त लक्षणं सांगितली आणि ती जायला वेळही जास्त लागला.

नंतर २०१९ मध्ये अमेरिकेतच बफेलो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १३ ते १८ वर्षांच्या खेळाडूंवर अभ्यास केला. एका गटाला रोज २० मिनिटं हलका व्यायाम दिला, त्रास वाढणार नाही इतपतच. दुसऱ्या गटाला नुसते अंग ताणायचे व्यायाम. हलका व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, दुसरे १७ दिवसांत.

फोनबद्दलही अभ्यास झालाय. २०२१ सालचा आहे. पहिले ४८ तास ज्यांनी फोन, टीव्ही, संगणक बंद ठेवला त्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत गेला. ज्यांना स्क्रीन बघू दिला त्यांना आठ दिवस लागले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला या विषयातल्या जगभरच्या तज्ज्ञांची परिषद झाली. त्यांनी सगळे अभ्यास समोर ठेवून जे सांगितलं ते असं. पहिले एक ते दोन दिवस, म्हणजे २४ ते ४८ तास, बेताची विश्रांती. त्यानंतर हळूहळू हालचाल. पूर्ण बरं वाटेपर्यंत अंथरुणात पडून राहणं हा उपचार नाही.

म्हणजे मैत्रिणींनो, विश्रांतीलाही औषधासारखी मात्रा आहे. कमी दिली तर गुण येत नाही आणि जास्त दिली तरी अपाय होतो.

आता पहिल्या दोन दिवसांची मात्रा आपल्या घरात कशी द्यायची ते बघू. कारण आपल्या घरात मुलीला "आज सरावाला जाऊ नको, आराम कर" म्हणतात आणि तासाभरानं "बसलीच आहेस तर भाकरी टाक" म्हणतात. मैदान बंद झालं म्हणजे विश्रांती मिळाली असं आपण धरून चालतो. हंडा उचलून आणणं, धुणं आपटणं, चुलीपुढं धुरात बसणं, शेतात वाकून खुरपणं, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरणं, हे सगळं कामच आहे. यात डोक्यावर ताण पडतो, वाकल्यावर ठणका वाढतो. हे दोन दिवस हे काम तिच्याकडे नको. घरात दुसरं कोणी करेल. तिचा भाऊ करेल, बाप करेल.

तिनं काय करायचं? घरात हिंडायचं, अंगणात थोडं चालायचं, स्वतःचं आवरायचं, गप्पा मारायच्या, झेपेल तेवढं. भूक लागेल तसं खायचं, पाणी भरपूर प्यायचं. टीव्हीचा आवाज कमी, डोळ्यांना उजेड खुपत असेल तर पडदा ओढा. पण कोंडून ठेवू नका, भेटायला आलेल्या मैत्रिणीला हाकलू नका. फोन मात्र दोन दिवस तुमच्याकडे ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. म्हणून तिला आठ दिवस आणि साडेतीन दिवस हा हिशोब सांगा. पोरींना हिशोब कळतो.

झोपेबद्दल एक भीती असते, की डोक्याला लागलेल्याला झोपू द्यायचं नाही. डॉक्टरांनी तपासलंय, मघाशी सांगितलेली धोक्याची लक्षणं नाहीत, तर खुशाल झोपू द्या. झोपेत मेंदू सावरतो. पहिल्या रात्री जवळ झोपा, अधूनमधून लक्ष ठेवा. डॉक्टरांनी उठवून बघायला सांगितलं असेल तर तसं करा. डोकेदुखीची गोळी मात्र मनानं, दुकानातून आणून देऊ नका. कोणती चालेल ते डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि गाडीवर मागं बसवून गावभर फिरवू नका, सायकल नको, झाडावर चढणं नको. पुन्हा पडायची शक्यता असेल असं काहीच नको.

दोन दिवस झाले. आता पुढं?

आता शाळा. खेळाच्या आधी शाळा, हा क्रम लक्षात ठेवा. बरीचशी मुलं दोन-चार दिवसांत शाळेत जाऊ शकतात, थोडं डोकं दुखत असलं तरी. पण पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ नको. अर्धा दिवस जाऊ द्या. बाईंना जाऊन सांगा, नाहीतर चिठ्ठी द्या, की हिला मध्ये उठून बाहेर बसू द्या, फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नको, चाचणी असेल तर पुढं ढकला. आपण बचत गटाच्या बायका बँकेच्या साहेबांशी बोलतो, तर शाळेत बोलायला कसली अडचण?

आणि मग खेळ. इथं मला आपला हप्त्यांचा व्यवहार आठवतो. कर्ज एकदम फेडायला गेलं की घर मोडतं. ठरलेल्या तारखेला ठरलेला हप्ता भरला की भार वाटत नाही. खेळात परत जातानाही सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. कबड्डीच्या भाषेत सांगते.

पहिली पायरी, रोजचे साधे व्यवहार, चालणं-फिरणं. दुसरी, भरभर चालणं, मग सावकाश धावणं. तिसरी, एकटीनं सराव. धावणं, वळणं, पायांच्या हालचाली, दम घुमवणं, पण अंगाला कुणी लागणार नाही अशा रीतीनं. चौथी, संघाबरोबर सराव, पण पकड नाही, झटापट नाही. पाचवी, पकडीसह पूर्ण सराव. सहावी, सामना.

प्रत्येक पायरीला कमीत कमी एक पूर्ण दिवस. पहिल्या तीन पायऱ्यांत थोडंसं डोकं दुखलं आणि तासाभरात थांबलं तर घाबरायचं कारण नाही. त्रास जास्त वाढला तर तिथंच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. चौथ्या पायरीवर जाताना मात्र सगळी लक्षणं गेलेली हवीत. तिथून पुढं पुन्हा त्रास झाला तर मागे तिसऱ्या पायरीवर यायचं. आणि पाचव्या पायरीच्या आधी, म्हणजे पकडीला हात घालण्याआधी, डॉक्टरांची परवानगी घ्यायचीच. खो-खोवाल्या मुलींनी सूर मारणं आणि खांबाजवळचं खेळणं शेवटी ठेवायचं. तालमीतल्या पोरांनी लढत शेवटी.

बहुतेक मुलामुलींना हे सगळं मिळून चार आठवड्यांच्या आत जमतं. चार आठवडे उलटूनही डोकं दुखत असेल, लक्ष लागत नसेल, मन उदास असेल तर "होईल हळूहळू" म्हणून बसू नका, पुन्हा डॉक्टरांकडे न्या. त्यासाठीही उपचार आहेत. आधी सांगितलं त्या ताईंच्या मुलीला साधारण तीन आठवडे लागले. आईनं कॅलेंडरवर रोज एक खूण केली, दुधाचा हिशोब लिहितो तशी. कुठली पायरी, डोकं दुखलं का, एवढंच. डॉक्टरांकडे गेल्यावर तेच कॅलेंडर दाखवलं.

आता मघाशी म्हटलं तिकडे येते. मुली सांगत का नाहीत?

मी खेळणाऱ्या मुलींना विचारलं. त्यांची उत्तरं ऐकून गप्प व्हावं लागलं. एक म्हणाली, सांगितलं तर सर संघातून काढतील. दुसरी म्हणाली, तालुक्याच्या सामन्याला चार दिवस राहिले होते. तिसरी हळूच म्हणाली, "घरी कळलं तर खेळच बंद होईल. आणि खेळ बंद झाला की लग्नाचं सुरू होईल."

मैत्रिणींनो, तिसरं उत्तर नीट ऐका. त्या पोरीच्या दृष्टीनं डोकेदुखी लपवणं हा वेडेपणा नाही. तिनं मनात हिशोब मांडलाय. दुखणं सांगितलं की कायमचं घरी बसावं लागेल, नाही सांगितलं तर खेळता येईल. असा हिशोब असेल तर कोणतीही शहाणी मुलगी लपवेलच. म्हणून तिला "सांगत जा गं" म्हणून भागणार नाही. सांगितल्यावर काय होणार, ते आपल्याला बदलावं लागेल. घरात आधीच सांगून ठेवायचं, की तुला लागलं तर आपण थांबवू, बरी झालीस की पुन्हा पाठवू. आणि तो शब्द पाळायचा. त्यासाठीच मला या सहा पायऱ्या मोलाच्या वाटतात. त्यात थांबायला जागा आहे तशी परत जायलाही वाट आहे.

स्टीव्ह स्मिथचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. तो पुढचा कसोटी सामना खेळला नाही. मालिका ऐन रंगात होती, तरी बाहेर बसला. त्यानंतरच्या सामन्यात परत आला आणि पहिल्याच डावात २११ धावा केल्या. तुमच्या मुलीला आणि तिच्या सरांनाही हे सांगा.

आपल्या गटांनी काय करायचं? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, येत्या बैठकीत हा विषय पंधरा मिनिटं घ्या आणि धोक्याची लक्षणं मोठ्या अक्षरात लिहून जिथं बैठक होते तिथं भिंतीवर लावा. खाली १०८ लिहा. दुसरी, गटातल्या दोघी-तिघींनी आशाताईंना बरोबर घेऊन शाळेत जा, मुख्याध्यापकांना आणि खेळाच्या सरांना भेटा. भांडायला नाही, ठरवायला. डोक्याला लागलं अशी शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, आणि त्याच दिवशी घरी निरोप. एवढं एकच ठरवून घ्या. बहुतेक सर ऐकतील, कारण त्यांनाही मुली हव्याच आहेत. तिसरी, एखाद्या घरी असं झालं तर पहिल्या दोन दिवसांत शेजारणीनं एक हंडा जास्त आणावा, एका वेळची भाजी पाठवावी. आई कामाला गेली आणि घरात दुसरं कुणी नसलं की विश्रांती कागदावरच राहते. बाळंतिणीसाठी आपण हे करतोच, खेळाडू मुलीसाठीही करू.

हे सगळं डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेणारं नाही, हे लक्षात असू द्या. तपासून घ्यायचं डॉक्टरांकडूनच. पण डॉक्टर "विश्रांती द्या" म्हणाले की पुढची सगळी जबाबदारी घरावर येते, आणि आपल्याकडे घर म्हणजे बहुतेक वेळा आईच. तिला मात्रा माहीत असली पाहिजे, म्हणून आज एवढं बोलले.

पुढच्या महिन्यात गटाच्या कर्जाच्या व्याज सवलतीबद्दल बोलू. तोवर काही शंका असतील तर तुमच्या गटाच्या अध्यक्षांकडे लिहून द्या, माझ्यापर्यंत पोचतील. नमस्कार.